कपाटाच्या दारातली रेघ

वडवणीच्या माझ्या भाड्याच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याचं डावं दार उघडलं की आतून एक लांबलचक आलेख दिसतो. आलेखाचा कागद आडवा धरायचा आणि काळ डावीकडून उजवीकडे न्यायचा, हे वर्गात मीच शिकवते. पण कपाटाचं दार उभं, अरुंद. म्हणून माझ्या आलेखात काळ वरून खाली उतरतो आणि वाढ उजवीकडे, बिजागरीच्या दिशेनं सरकते. कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला वाटलं, मी कुणाच्या तरी तापाची नोंद ठेवते आहे.

तशी ती फार चुकली नव्हती. तो आलेख घरोघरी पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीचा आहे. मी बारावीच्या मुलांना वाणिज्य शिकवते. त्या कंपनीचा एकही शेअर माझ्याकडे नाही, कधी घेतला नाही, घेण्याइतके पैसेही कधी साठले नाहीत. तरी दर शुक्रवारी शेवटचा तास संपवून खोलीवर आले की चहाआधी मी त्या दारापुढे उभी राहते, कारण माझा धाकटा भाऊ त्या कंपनीच्या आमच्या गावच्या, चौसाळ्याच्या केंद्रात कामाला आहे आणि त्याच्या पगारावर आईचा कोयता माळ्यावर गेला आहे.

हे नीट सांगायला हवं. माझे आई-वडील ऊस तोडायला जायचे. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. पावसाळ्यात टोळी जमवणारा मुकादम येतो आणि हंगामाच्या आधीच एकरकमी पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. दसरा झाला की ट्रक भरतात, आणि मग पुढचे पाच-सहा महिने ती उचल अंगानं फेडायची. वडील गेल्यावर आई दोन हंगाम मावशीच्या टोळीत एकटीच गेली. एकट्या माणसाचा हिशोब अर्धा कोयता म्हणून होतो. माझ्या आईला कुणी अर्धा म्हटलेलं मला आजही खपत नाही, पण तेव्हा मी गप्प बसले होते.

मी शिकले, नोकरीला लागले, पण विनाअनुदानित तुकडीवर. माझा पगार म्हणजे पाहुणा, आला तर आला. घराला खरा आधार मिळाला तो भावाचा. तो आधी मोटरसायकलवर पिशव्या लादून फिरायचा, पुढे केंद्राचा सुपरवायझर झाला. महिन्याच्या महिन्याला पगार, त्यातून कापला जाणारा फंड, सगळं रीतसर. तो कायम झाला त्या दिवशी आईनं कोयता जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. पण दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ती तो खाली काढायची, धुवायची, पुजायची आणि गंजू नये म्हणून पात्याला तेल लावून परत वर ठेवायची. एकदा मी वैतागून विचारलं, आता हे कशाला? तर म्हणाली, "राहू दे गं. वेळ काय सांगून येती व्हय?"

त्या वाक्यानं माझी झोप उडवली. म्हणजे कोयता खाली येणार की वरच राहणार, हे त्या कंपनीवर ठरणार होतं. मग कंपनीवर नजर ठेवणं माझं कामच झालं.

सुरुवातीला मी नुसता शेअरचा भाव लिहायची. पण भाव शेळीसारखा उड्या मारतो, त्यावरून काही कळेना. मग मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून एक गोष्ट शिकले, एंटरप्राइझ व्हॅल्यू. आमच्या पुस्तकात ती नाही. मी तिला अख्खी किंमत म्हणते. समजा चौसाळ्यात कुणी घर विकायला काढलं. त्यानं सांगितली ती किंमत द्यायची. त्या घरावर सोसायटीचं कर्ज असेल तर ते तुमच्या डोक्यावर येणार, म्हणून ते किमतीत मिळवायचं. आणि घरातल्या पेटीत रोकड सापडली तर ती तुमचीच, म्हणून ती वजा करायची. कंपनीचंही तसंच. शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर, अधिक कर्ज, उणे रोकड. अख्खी किंमत निळ्या पेनानं, नुसतं कर्ज लाल पेनानं. भाव दर शुक्रवारी बदलायचा, कर्ज आणि रोकड कंपनीनं दर तीन महिन्यांनी निकाल दिले की.

भाऊ रविवारी फोन करायचा तेव्हा हटकून विचारायचा, "आक्का, माझ्या कंपनीला ताप-बीप न्हाई ना?"

"नाही," मी म्हणायची, "पण वजन वाढायला पाहिजे." तो हसायचा. असं दीड-दोन वर्षं चाललं. निळी रेघ जरा डावीकडे, जरा उजवीकडे करत खाली उतरत होती आणि लाल रेघ डाव्या काठाला चिकटून होती. मला त्या लाल रेघेचं फार कौतुक होतं. आमच्या घरात कधी नव्हतं इतकं कमी कर्ज त्या कंपनीवर होतं.

मग मागच्या श्रावणात बातमी आली. कंपनीनं मोठमोठ्या गुंतवणूकदारांकडून एकदम भली मोठी रक्कम उभी केली. मोबाईलवर ती बातमी मी दोनदा वाचली. ऐन पावसाळ्यात, कामाच्या आधी, एकरकमी पैसा. ही तर उचल! माझ्या आयुष्यात एकरकमी पैसा एकाच वाटेनं आमच्या घरी आला होता, आणि तो आला की आईची पाठ जायची. मी जराही न थांबता ती सगळी रक्कम कर्जात मिळवली. रोकड वजा करायची, हे सूत्र मला पाठ होतं. पण पेन हातात घेतल्यावर मनानं घेतलं की उचलीचा पैसा आपला नसतो, तो वजा कसा करायचा? तो हातात असतो, पण असतो मुकादमाचाच. म्हणून नाही केला.

लाल रेघ एका उडीत कागद ओलांडून थेट बिजागरीपर्यंत गेली. निळी तिच्याही पुढे जायला लागली, तेव्हा मला दारावर खडूनं काढावी लागली.

मग मनात आलं की कर्ज आहे तर त्यावर व्याजही असायला हवं. कंपनीनं जाहीर केलेल्या कागदात ते वरवर शोधलं, व्याजाचा उल्लेखच नव्हता. दुसऱ्या कुणाला तिथेच शंका आली असती. मला नाही आली. उचलीवर व्याज कुठे लिहिलेलं असतं? ते उसाच्या फडात, पहाटेच्या थंडीत वसूल होतं. एम.कॉम. झालेल्या बाईनं असा विचार करावा, हे आज लिहितानाही मला लाज वाटते. पण तेव्हा मी मान डोलावली. आणि त्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यातलं एक छोटं केंद्र बंद करून दुसऱ्यात मिळवल्याचं भावानं सहज सांगितलं. झालं, माझी खात्रीच पटली.

मी भावाला फोन केला. बाईंच्या आवाजात बोलले, जसं वर्गात शेवटच्या बाकाला बोलते.

"दुसरीकडं काम बघून ठेव. तुझी कंपनी कर्जात बुडाली आहे."

"आक्का, कावून बुडंल? इथं पार्सलं ठिवायला जागा न्हाई. काल तर वऱ्हांड्यात रचली."

"पार्सलं मोजून कंपनी कळत नसते. छोटी केंद्रं आधी बंद होतात."

 मग म्हणाला, "तू म्हणतीस तर आसंल." लहानपणापासून तो माझ्या शब्दाबाहेर नाही. त्याच्या त्या होकारात आपण काय पेरलं, याचा विचार मी केला नाही. उलट आपण वेळेवर सावध केलं म्हणून जरा बरंच वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही उगाच नाही.

पुढचे दोन महिने मी कपाट उघडायचं टाळलं. साड्या खुर्चीवर ठेवल्या. नवरात्रात सहाव्या माळेला कॉलेजला सुट्टी होती, उपास होता, वेळ जात नव्हता. म्हटलं, बघू तरी किती बुडाली. दार उघडलं, नवा कागद चिकटवला, भाव घेतला आणि शेअरच्या संख्येनं गुणलं. सहज मोबाईलवर कंपनीचं एकूण बाजारमूल्य बघितलं, तर ते माझ्या आकड्याहून बरंच जास्त. आधी वाटलं मोबाईल चुकला, कारण मी गुणाकारात चुकत नाही. तीनदा गुणलं. गुणाकार बरोबरच होता. मग उलटं केलं. बाजारमूल्याला भावानं भागलं. शेअरची संख्या माझ्या वहीतल्या संख्येपेक्षा जास्त आली.

शेअर वाढले होते. कसे वाढले? कंपनीचा कागद उघडून पुन्हा पहिल्यापासून वाचला, श्रावणात नुसता वरवर पाहिला होता तो. त्यात साफ लिहिलं होतं. ज्यांनी पैसे दिले त्यांना त्या बदल्यात नवे शेअर दिले. म्हणजे ते कंपनीचे भागीदार झाले. पैसे परत करायचेच नव्हते!

मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, खोलीत एकटी असताना. कुणी एवढा पैसा देतं आणि परत मागत नाही? पाठ मागत नाही, हंगाम मागत नाही, ट्रकमध्ये चढ म्हणत नाही? कंपनी चालली तर नफ्यात बसणार, बुडाली तर तिच्याबरोबर बुडणार. नव्या शेअरविषयी मी दरवर्षी बारावीला शिकवते. भागधारकाला पैसे परत मागता येत नाहीत, हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण ते फळ्यावरचं होतं. घरातलं ज्ञान वेगळं होतं, आणि वेळ आली तेव्हा घरातलंच जिंकलं.

वही पुढे ओढली. लाल रक्कम खोडली. नवी संख्या घेतली, जुनं थोडंसं कर्ज मिळवलं, बँकेत पडून असलेली सगळी रोकड वजा केली. मग श्रावणापासूनचा प्रत्येक शुक्रवार नव्यानं काढला. निळी रेघ जिथे सोडली होती तिथूनच सरळ खाली आली, जरा उजवीकडे कललेली. जेवढे पैसे आले तेवढंच बाजारमूल्य वाढलं आणि तेवढीच रोकड वजा झाली. अख्खी किंमत जागची हललीच नव्हती. कंपनीला काहीही झालं नव्हतं. जे झालं होतं ते माझ्या डोक्यात झालं होतं. मी फरशीवर बसून मोठ्यानं हसले, मग थोडं रडलेही. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

फोन केला नाही. चूक फोनवर केली होती, कबूल समोर जाऊन करायची होती. पिशवी भरली, बीडची गाडी धरली, तिथून चौसाळ्याची. अर्ध्या तिकिटात खिडकीची जागा मिळाली. गाडीभर मी वाक्यं जुळवत होते, माफी कशी मागायची, मग भाऊ कसा चिडवेल आणि आई कशी पदर तोंडाला लावून हसेल. रस्त्याकडेनं त्याच कंपनीचा एक टेम्पो आम्हाला ओलांडून गेला आणि मी त्याला जवळजवळ हात केला.

दारात पोचले तर आई ओट्यावर बसलेली. समोर दगड, दगडावर पाणी, आणि हातात कोयता. धार लावत होती.

"कावून आलीस गं अशी अवचित?" तिनं मान वर न करता विचारलं.

मला वाटलं, दसरा जवळ आला म्हणून पूजेसाठी काढला असेल. पण पूजेच्या कोयत्याला कुणी धार लावत नाही. ओट्याच्या कोपऱ्यात वळकटी बांधून ठेवली होती, तिच्यात पातेलं खोचलेलं. मी पिशवी खाली टेकवली.

"आई, हे काय?"

"काय म्हंजी? तुझा भाऊ म्हनला, आक्का सांगती कंपनी बुडाली. त्याचं जाईल ते जाईल, पर घर कसं चालंल? पोळ्याला मुकादम आलता. घेतली उचल."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तू मोडता घातला असता."

भाऊ आतून आला. त्याला हे आठवडाभरापूर्वीच कळलं होतं. आईनं त्याला शपथ घातली होती. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी आईशेजारी बसले. सगळं सांगितलं, शेअरची संख्या, भागीदार, रोकड, माझी चूक. शब्द एकात एक अडकत होते. शेवटी म्हटलं, "आई, कंपनी धडधाकट आहे. मी चुकले. मी चुकले गं. माझ्यामुळे तुला उचल घ्यावी लागली."

साठीला टेकलेल्या माझ्या आईला माझ्या एका अधिक चिन्हानं फडात पाठवलं होतं. उचल खर्च झाली असेल तर कुठून भरायची? माझा पगार तीन महिने आला नव्हता. त्या क्षणी मला त्या आलेखाचा, त्या निळ्या-लाल पेनांचा आणि माझ्या पदवीचा फार राग आला.

आईनं कोयता बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि आत गेली. ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिनं एक प्लॅस्टिकची पिशवी वर काढली. ती माझ्या मांडीवर टाकली. आत मुकादमानं दिलेली गड्डी तशीच होती, रबर लावलेली.

"यातली एक बी न्हाई मोडली," ती म्हणाली. "म्हनलं, बघू काय व्हतंय ते. मुकादमाचं देनं जितकं हाय, तितकंच डब्यात हाय. मग माझ्यावर काय हाय? काईच न्हाई."

 देणं किती, त्यातून रोकड वजा, उरलं शून्य. व्हिडिओ बघून बघून दोन वर्षं मी जे शिकत होते ते ही बाई ज्वारीच्या डब्यात हात घालून करत होती. उचलीच्या भीतीनं मी वजाबाकी टाळली. तिनं ती उचल घेतली आणि वजाबाकी विसरली नाही. भाऊ म्हणाला, "आक्का, आता हिलाच कॉलेजात घिऊन जा." मग तिघंही हसलो. माझं हसणं जरा लांबलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे परत करायला गेलो. मुकादम आमच्याच गल्लीतला, आईला मावशी म्हणणारा. तो चांगलाच उखडला.

"मावशी, ट्रक भरायच्या टायमाला आसं करत्यात व्हय? टोळी जुळवायला किती हिंडलो मी!"

"चुकी माझी हाय, तिची न्हाई," मी म्हटलं. वडवणीच्या बाईंच्या तोंडून 'हाय' आणि 'न्हाई' बाहेर पडलेलं भावानं ऐकलं आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

मुकादमानं कुरकुर केली, हिंडण्याचे म्हणून थोडे पैसे मागितले. ते मी माझ्या पर्समधून दिले. माझ्या मूर्खपणाच्या मानानं फी फारच कमी होती. मग त्यानं आईच्या अंगठ्याचा कागद काढला आणि आमच्यासमोर फाडला. खाली पडलेले तुकडे मी वेचून पर्समध्ये टाकले. परत येताना आई म्हणाली, "एक बरं झालं. आता तुला बी कळलं, चुकलं तर चुकलं म्हनावं."  त्या दिवशी ती काहीही बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं.

खंडेनवमीला मी चौसाळ्यालाच थांबले. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाटावर आईनं कोयता ठेवला. भावानं त्याच्याशेजारी पार्सलावरचा कोड वाचायचं कंपनीचं यंत्र ठेवलं आणि एका बोटानं त्याला कुंकू लावलं. आईनं मला विचारलं, तुझं काय? माझं हत्यार कपाटाच्या दाराला चिकटलेलं, ते कसं आणणार? मग मी पर्समधली निळी आणि लाल दोन्ही पेनं काढून दिली. तिनं निळ्याला हळद लावली. लाल पेन थोडा वेळ हातात धरून बघितलं, आणि त्यालाही लावली.

पूजा झाल्यावर तिनं कोयता लुगड्याच्या त्याच तुकड्यात गुंडाळायला घेतला. मी सवयीनं फळीवरची तेलाची बाटली काढून तिच्यापुढे धरली.

तिनं बाटली माझ्या हातातून घेतली आणि परत फळीवर ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "गंजू दे."